शून्याने भागल्यावर प्रोसेसर कुठे जातो?

जळगाव-धुळ्याच्या तंत्रनिकेतनांत कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला इंटेलचा ८०८६ हा प्रोसेसर वर्षानुवर्षे शिकवला जात आला आहे. चिप १९७८ सालची, पण शिकायला तिच्याइतकी मोकळी आणि स्वच्छ चिप आजही सापडत नाही. दोन संख्यांच्या भागाकाराचा प्रोग्राम प्रत्येकाच्या प्रॅक्टिकलच्या वहीत असतो आणि वर्गातला कोणी ना कोणी भाजकाच्या जागी शून्य टाकून बघतोच. डॉसच्या काळ्या स्क्रीनवर ‘डिव्हाइड ओव्हरफ्लो’ असे दोन शब्द उमटतात, प्रोग्राम तिथल्या तिथे संपतो, प्रॉम्प्ट परत येतो. विद्यार्थी भाजक बदलतो, उत्तर बरोबर आले की सही घेतो आणि पुढच्या प्रॅक्टिकलला लागतो.

ते दोन शब्द उमटले तिथेच थांबावे असे मला वाटते. ते लिहिले कोणी? प्रोसेसरने तर नाही. त्याला अक्षरे ठाऊक नाहीत, स्क्रीन ठाऊक नाही, डॉस नावाचे काही चालू आहे हेही ठाऊक नाही. शब्द डॉसने लिहिले. मग भागाकाराच्या मधोमध अडकलेला प्रोसेसर डॉसपर्यंत पोहोचला कसा? मेमरीच्या अगदी सुरुवातीच्या चार बाइट्समध्ये डॉसने एक पत्ता लिहून ठेवला होता, म्हणून. ते चार बाइट बदलले की प्रोसेसर डॉसकडे न जाता तुमच्याकडे येतो. कस्टम एक्सेप्शन हँडलर, म्हणजे चूक घडल्यावर चालणारा स्वतःचा कोड, बसवणे म्हणजे मुळात एवढेच. पण त्या एवढ्याशा कामात प्रोसेसरचा स्वभाव पुरता उघडा पडतो, म्हणून ते एकदा तरी स्वतःच्या हाताने, एकेक पायरी समजून करावे.

८०८६ च्या मेमरीतले पहिले १०२४ बाइट, म्हणजे पत्ता ० पासून १०२३ पर्यंतचा तुकडा, इंटरप्ट व्हेक्टर टेबलसाठी राखलेला असतो. त्यात २५६ नोंदी, प्रत्येक नोंद चार बाइटची. नोंद म्हणजे पत्ता: आधी दोन बाइट ऑफसेट, मग दोन बाइट सेगमेंट. नोंद क्रमांक ० भागाकाराच्या चुकीची. १ क्रमांक एकेक सूचना थांबत-थांबत चालवण्यासाठी. २ क्रमांक अडवता न येणाऱ्या बाहेरच्या इंटरप्टसाठी, म्हणजे एनएमआयसाठी. ३ ब्रेकपॉइंटची, ४ ओव्हरफ्लोची. कुठलीही नोंद शोधायची तर तिच्या क्रमांकाला चाराने गुणायचे. शून्य क्रमांकाची नोंद त्यामुळे थेट शून्य पत्त्यावर बसते.

शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीत झाकणाच्या आतून वायरमनचा नंबर लिहिलेला असतो. मोटार का जळाली, काय दुरुस्त करायचे, हे त्या झाकणावर नसते. कोणाला बोलवायचे एवढेच असते. व्हेक्टर टेबल तसेच आहे, आणि झाकणावरचा नंबर चुकीचा असेल तर जे होते तेच इथेही होते. फरक एवढाच की माणूस राँग नंबर लागल्यावर फोन ठेवतो. प्रोसेसर मिळालेल्या पत्त्यावर जे बाइट सापडतील ते सूचना समजून चालवत सुटतो.

आता चूक घडते त्या क्षणी काय होते ते क्रमाने पाहू. ‘डिव्ह बीएल’ ही सूचना एएक्समधल्या संख्येला बीएलने भागते आणि भागाकार एएलमध्ये ठेवते. बीएल शून्य असेल तर चूक होते हे सगळ्यांना पाठ असते. पण एएक्समध्ये १००० आणि बीएलमध्ये २ असतील तरीही तीच चूक होते. उत्तर ५००, आणि एएलमध्ये २५५ च्या पुढची संख्या मावत नाही. डॉसचा निरोप ‘शून्याने भागले’ असा नसून ‘ओव्हरफ्लो’ असा का, याचे उत्तर इथे आहे. प्रोसेसरच्या दृष्टीने दोन्ही प्रकार एकच: उत्तर दिलेल्या जागेत ठेवता येत नाही.

अशा वेळी प्रोसेसर आधी फ्लॅग रजिस्टर स्टॅकवर ठेवतो. मग इंटरप्ट फ्लॅग आणि ट्रॅप फ्लॅग शून्य करतो, म्हणजे बाहेरून येणारे नेहमीचे इंटरप्ट तूर्त बंद. मग सीएस स्टॅकवर, मग आयपी स्टॅकवर. त्यानंतर पत्ता ० वरचे दोन बाइट उचलून आयपीत घालतो, पत्ता २ वरचे दोन बाइट सीएसमध्ये, आणि तिथून पुढे चालू लागतो. एएक्स, बीएक्स, डीएस ही बाकीची रजिस्टर तो सांभाळत नाही. ती जबाबदारी हँडलर लिहिणाऱ्याची. हँडलरच्या शेवटी ‘आयरेट’ ही सूचना लागते; ती आयपी, सीएस आणि फ्लॅग या उलट्या क्रमाने स्टॅकवरून परत घेते. साधी ‘रेट’ लिहिली तर सीएस आणि फ्लॅग स्टॅकवरच पडून राहतात, आणि बिघाड तिथे न दिसता बराच पुढे कुठेतरी दिसतो. असा बिघाड शोधणे फार जिकिरीचे.

हँडलर बसवायचा म्हणजे त्याचा पत्ता या चार बाइट्समध्ये लिहायचा. समजा आपला हँडलर सेगमेंट १२३४एच, ऑफसेट ०१५०एच इथे आहे. सेगमेंटला सोळाने गुणून त्यात ऑफसेट मिळवला की खरा पत्ता १२४९०एच. टेबलात मात्र हा खरा पत्ता लिहायचा नसतो, त्याचे दोन भाग लिहायचे असतात. आणि इंटेलच्या पद्धतीप्रमाणे प्रत्येक भागातला धाकटा बाइट आधी. म्हणून पत्ता ० वर ५०, पत्ता १ वर ०१, पत्ता २ वर ३४ आणि पत्ता ३ वर १२. हे चार आकडे एकदा कागदावर स्वतः मांडून पाहावेत. अर्ध्याहून अधिक गोंधळ इथेच मिटतो.

प्रोग्राममध्ये ते असे होते:

मूव्ह एएक्स, ०
मूव्ह ईएस, एएक्स
मूव्ह एएक्स, ईएस:[०]
मूव्ह जुना_ऑफसेट, एएक्स
मूव्ह एएक्स, ईएस:[२]
मूव्ह जुना_सेगमेंट, एएक्स
सीएलआय
मूव्ह वर्ड ईएस:[०], ऑफसेट माझा_हँडलर
मूव्ह ईएस:[२], सीएस
एसटीआय

पहिल्या दोन ओळी ईएसमध्ये शून्य घालतात; सेगमेंट रजिस्टरमध्ये थेट आकडा घालता येत नाही म्हणून एएक्समधून वळसा. पुढच्या चार ओळी जुना पत्ता जपून ठेवतात. मग सीएलआय, म्हणजे बाहेरचे इंटरप्ट बंद. मग नवा पत्ता. मग पुन्हा सुरू. हँडलर आपल्याच कोड सेगमेंटमध्ये आहे, म्हणून सेगमेंटच्या जागी सीएस चालतो.

सीएलआय कशासाठी? पत्ता दोन टप्प्यांत लिहिला जातो. ऑफसेट नवा झाला आहे आणि सेगमेंट अजून जुनाच आहे, अशा एका क्षणी जर त्या क्रमांकाचा इंटरप्ट आला, तर प्रोसेसर नवा अर्धा आणि जुना अर्धा जोडून भलत्याच ठिकाणी जाईल. भागाकाराची चूक सीएलआयने थांबत नाही, ती प्रोसेसरच्या आतून येते. पण आपल्या त्या दोन ओळींमध्ये भागाकारच नाही, आणि बाहेरच्या इंटरप्टचा एखादा हँडलर मधे घुसून भागाकार करू नये एवढी सोय सीएलआय करते. टायमरचा, म्हणजे क्रमांक ८ चा पत्ता बदलताना मात्र ही ओळ वगळलीत तर कधीतरी, कारण न सांगता, मशीन थिजेल. टायमर सेकंदाला सुमारे १८ वेळा येतच असतो.

आता हँडलर. पुस्तक वाचून विद्यार्थी सर्वांत सोपा हँडलर लिहितात: आत फक्त आयरेट. अपेक्षा अशी की चूक झाली, प्रोसेसर हँडलरला गेला, काही न करता परत आला, पुढची सूचना चालली. लॅबमधल्या कॉम्प्युटरवर डॉसबॉक्समध्ये हे चालवले की मशीन अडकून बसते. दोष पुस्तकाचाही नाही आणि विद्यार्थ्याचाही. अस्सल ८०८६ भागाकाराच्या चुकीनंतर स्टॅकवर पुढच्या सूचनेचा पत्ता ठेवतो. ८०२८६ पासून इंटेलने हे बदलले आणि ज्या सूचनेने चूक केली तिचाच पत्ता ठेवायला सुरुवात केली. डॉसबॉक्स ३८६-४८६ च्या पिढीची नक्कल करतो. म्हणजे आयरेटने प्रोसेसर पुन्हा त्याच ‘डिव्ह बीएल’वर येतो, बीएल अजून शून्यच, पुन्हा चूक, पुन्हा हँडलर. हे चक्र थांबत नाही.

इंटेलने केलेला बदल माझ्या मते योग्य होता. चूक करणाऱ्या सूचनेचा पत्ता हातात असेल तर हँडलर कारण शोधू शकतो, ते दुरुस्त करून तीच सूचना पुन्हा चालवू शकतो. आजच्या ऑपरेटिंग सिस्टिममधली व्हर्च्युअल मेमरी याच तत्त्वावर उभी आहे: हवे ते पान मेमरीत नाही, प्रोसेसर अडतो, हँडलर पान आणून ठेवतो, आणि तीच सूचना काही घडलेच नाही अशी पुन्हा चालते. पुढच्या सूचनेचा पत्ता ठेवला असता तर मागे किती बाइट जायचे हेच कळले नसते, कारण या घराण्यातल्या सूचना वेगवेगळ्या लांबीच्या असतात.

आपल्या हँडलरला दोन वाटा आहेत. एक, बीएलमध्ये १ घालून परत जायचे. भागाकार पुन्हा होईल आणि सुटेल. पण एएक्समध्ये १००० असतील तर १ ने भागूनही उत्तर मावणार नाही, आणि चक्र पुन्हा सुरू. दुसरी वाट, स्टॅकवरचा परतीचा पत्ता पुढे सरकवायचा. ‘डिव्ह बीएल’ ही सूचना दोन बाइटची आहे, म्हणून:

पुश बीपी
मूव्ह बीपी, एसपी
ॲड वर्ड [बीपी+२], २
मूव्ह बाइट सीएस:चूक_झाली, १
पॉप बीपी
आयरेट

बीपी स्टॅकवर ठेवल्यावर [बीपी] मध्ये जुना बीपी, [बीपी+२] मध्ये परतीचा आयपी, [बीपी+४] मध्ये सीएस आणि [बीपी+६] मध्ये फ्लॅग असतात. दुसऱ्या जागी दोन मिळवले की आयरेट थेट पुढच्या सूचनेवर जाते. ‘चूक_झाली’ ही खूण सीएस लावून लिहिली आहे, कारण चूक घडली तेव्हा डीएसमध्ये काय होते याची हँडलरला खात्री नसते. खूण हवीच, नाहीतर मुख्य प्रोग्राम एएलमधली निरर्थक संख्या उत्तर समजून पुढे नेईल. काही हुशार मुले इथे कॅरी फ्लॅगने काम भागवू पाहतात, म्हणजे [बीपी+६] मधला कॅरीचा बिट चढवायचा आणि परतल्यावर तपासायचा. कल्पना देखणी आहे, पण यशस्वी भागाकारानंतरही फ्लॅग काय असतील याची इंटेल हमी देत नाही. म्हणून वेगळी खूण, आणि ती प्रत्येक भागाकाराआधी शून्य करायची.

दोन मिळवण्याला मर्यादा आहे. भाजक मेमरीत असेल तर तीच सूचना चार बाइटची होऊ शकते. तेव्हा दोन मिळवून प्रोसेसर सूचनेच्या पोटात उतरतो. ज्या प्रोग्राममधला भागाकार एकाच ठिकाणी, एकाच रूपात आहे तिथेच ही युक्ती वापरावी. सगळीकडे चालेल असा हँडलर हवा असेल तर त्याला चुकीच्या सूचनेचे बाइट वाचून लांबी ठरवावी लागते. डिप्लोमाच्या प्रोजेक्टला हा विषय उत्तम आहे. अवघड आहे, पण आवाक्याबाहेरचा नाही.

प्रोग्राम संपण्याआधी जपून ठेवलेला जुना पत्ता परत लिहायचा. हे विसरले तर लगेच काही होत नाही, आणि धोका नेमका त्यातच आहे. प्रोग्राम संपल्यावर डॉस त्याची मेमरी दुसऱ्याला देतो. तुमचा हँडलर होता तिथे आता दुसऱ्याच प्रोग्रामचे बाइट असतात, पण पत्ता ० वर तुमचाच पत्ता राहिलेला असतो. काही वेळाने कुठेतरी एक भागाकार चुकतो आणि मशीन कोसळते. दोष त्या दुसऱ्या प्रोग्रामवर येतो.

हे सगळे डॉसकडून करून घेता येते. इंट २१एच ही सेवा बोलवताना एएचमध्ये ३५एच आणि एएलमध्ये क्रमांक घातला की जुना पत्ता ईएस आणि बीएक्समध्ये मिळतो. एएचमध्ये २५एच घातले की डीएस आणि डीएक्समधला पत्ता टेबलात बसतो. रोजच्या कामात हीच वाट चांगली. पण शिकताना आधी स्वतः शून्य पत्त्यावर लिहावे, मग सेवा वापरावी. उलट क्रमाने शिकलेल्याला सेवा पाठ होते, टेबल दिसत नाही.

या टेबलाच्या इतिहासातली एक गोष्ट सांगायलाच हवी. इंटेलने पहिले ३२ क्रमांक स्वतःच्या पुढच्या गरजांसाठी राखून ठेवले होते. १९८१ साली आयबीएमने पीसी काढला तेव्हा त्यातलेच काही वापरून टाकले: ५ क्रमांक प्रिंट स्क्रीनला, ८ ते १५ टायमर, कीबोर्ड वगैरे हार्डवेअरला. पुढे इंटेलला नव्या प्रोसेसरमध्ये ते क्रमांक लागले. ८०२८६ मध्ये ८ क्रमांक ‘डबल फॉल्ट’ला गेला, जिथे टायमर आधीच बसला होता. म्हणून प्रोटेक्टेड मोडमध्ये चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमला सुरुवातीलाच ८२५९ या इंटरप्ट कंट्रोलरला सांगून हार्डवेअरचे इंटरप्ट ३२ च्या पुढे हलवावे लागतात. त्या मोडमध्ये टेबल शून्य पत्त्यावर असण्याचीही सक्ती राहत नाही. ते कुठे आहे हे एका खास रजिस्टरमध्ये लिहायचे असते आणि साध्या प्रोग्रामला तिथे हात लावता येत नाही. म्हणून विंडोज किंवा लिनक्सवर वर सांगितलेला प्रयोग थेट होणार नाही; डॉसबॉक्स लागतो.

लॅबमध्ये इंटेलच्याच ८०८५ प्रोसेसरचे किट असेल तर तिथली मजा वेगळी. ८०८५ ला भागाकाराची सूचनाच नाही, आणि चूक ओळखण्याची सोयही नाही. टेबलात पत्ते नसतात. प्रोसेसर ठरलेल्या जागी उडी मारतो आणि तिथले बाइट सूचना म्हणून चालवतो. आरएसटी ५.५, ६.५, ७.५ या इंटरप्टच्या नावांतले अपूर्णांक विचित्र वाटतात, पण आठाने गुणले की जागा मिळते: ४४, ५२, ६०. ट्रॅप ३६ वर, म्हणजे साडेचार आठे. पूर्ण आकड्यांच्या आरएसटी ४०, ४८, ५६ अशा जागी असतात. म्हणजे दोन शेजाऱ्यांत फक्त चार बाइटचे अंतर. एवढ्या जागेत हँडलर मावत नाही, तीन बाइटची जंप तेवढी मावते. शिवाय चालू होताना प्रोसेसर शून्य पत्त्यापासून सुरू करतो, त्यामुळे किटमध्ये तिथे मॉनिटर प्रोग्रामची रॉम असते आणि रॉममध्ये तुम्हाला लिहिता येत नाही. यावर किट बनवणारे एक सोय करतात: रॉममधल्या त्या जागेवरून रॅममधल्या ठरावीक पत्त्यावर जंप लिहून ठेवतात. तो पत्ता किटच्या पुस्तिकेत असतो. तिथे आपण ‘सी३’ आणि हँडलरचा पत्ता, धाकटा बाइट आधी, असे तीन बाइट टाकायचे. ८०८५ स्टॅकवर फक्त परतीचा पत्ता ठेवतो, फ्लॅग ठेवत नाही. म्हणून हँडलरच्या सुरुवातीला ‘पुश पीएसडब्ल्यू’ आणि शेवटी ‘पॉप पीएसडब्ल्यू’, ‘ईआय’, ‘रेट’ हे विसरायचे नाही.

चूक ओळखता येत नसली तरी ८०८५ वर भरकटलेला प्रोग्राम पकडण्याची एक जुनी युक्ती आहे. न लिहिलेल्या ईप्रॉममधला प्रत्येक बाइट ‘एफएफ’ असतो, आणि ८०८५ च्या भाषेत ‘एफएफ’ म्हणजे आरएसटी ७. रस्ता चुकून प्रोग्राम रिकाम्या ईप्रॉममध्ये शिरला की आपोआप पत्ता ५६ वर येतो. तिथून आपल्या हँडलरवर जंप असेल तर तो स्टॅकवरचा पत्ता वाचून प्रोग्राम कुठे भरकटला हे डिस्प्लेवर दाखवू शकतो.

हे सगळे जुन्या चिपांपुरते आहे असे वाटत असेल तर लॅबमधून थेट केळीच्या बागेत जाऊ. रावेर-यावल पट्ट्यात केळी ठिबकवर आहे. ठिबकसाठी जळगावचे नाव जैन इरिगेशनमुळे देशभर झाले, आणि आता व्हॉल्व्ह पाळीपाळीने उघडणारे, मोबाईलवरून मोटार चालू-बंद करणारे छोटे कंट्रोलर बागांमध्ये दिसतात. अशा कंट्रोलरमध्ये अनेकदा आर्मच्या कॉर्टेक्स-एम घराण्यातली चिप असते. तिची नोकरी मात्र खडतर आहे. मे महिन्यात भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. मोटार सुरू होताना व्होल्टेज खाली बसते, स्टार्टरचा कॉन्टॅक्टर सुटताना तारेत झटका येतो, लांबवर गेलेल्या सेन्सरच्या वायरी वळवाच्या विजेचा धक्का झेलतात. प्रोसेसर कधीतरी चुकीच्या पत्त्यावर जाणार हे धरूनच चालावे.

कॉर्टेक्स-एमचे व्हेक्टर टेबल ८०८६ च्या विद्यार्थ्याला लगेच ओळखू येते. शून्य पत्त्यावर स्टॅकचा सुरुवातीचा पत्ता, त्यानंतर रीसेटचा, मग एनएमआयचा, मग ‘हार्डफॉल्ट’चा. प्रत्येक नोंद चार बाइटची. पत्त्याचा सर्वांत धाकटा बिट १ हवा. हा प्रोसेसर फक्त थम्ब सूचना चालवतो आणि तो बिट त्याची खूण आहे. तो शून्य राहिला तर हँडलरकडे जातानाच नवा फॉल्ट होतो. टेबल फ्लॅशमध्ये असते, म्हणून चालू असताना बदलायचे तर त्याची रॅममध्ये प्रत करायची आणि ‘व्हीटीओआर’ या रजिस्टरमध्ये तिचा पत्ता लिहायचा. ती प्रत कुठेही ठेवून चालत नाही. टेबलाच्या आकाराच्या वरची दोनाची घात घ्यायची आणि पत्ता तिच्या पटीत ठेवायचा. ७६ नोंदींचे ३०४ बाइट होतात, म्हणून ५१२ च्या पटीत. कॉर्टेक्स-एम० मध्ये व्हीटीओआर नाहीच. एसटीएम३२ एफ० सारख्या चिपमध्ये त्याऐवजी टेबल रॅमच्या सुरुवातीला ठेवून ती रॅमच शून्य पत्त्यावर आणून बसवायची सोय आहे.

आणि आपला शून्याचा भागाकार? कॉर्टेक्स-एम३ आणि एम४ मध्ये पूर्णांकाला शून्याने भागले तर मुळात चूकच होत नाही. उत्तर शून्य येते आणि प्रोग्राम पुढे जातो. भारतात सी-डॅकच्या वेगा आणि आयआयटी मद्रासच्या शक्ती प्रकल्पांनी निवडलेल्या रिस्क-फाइव्ह रचनेतही भागाकार अडत नाही. तिथे सगळे बिट एक झालेले उत्तर येते. बागेत याचा अर्थ काय होतो ते पाहा. समजा झाडाला द्यायचे लिटर भागिले ड्रिपरचा दर, अशी वेळ काढली जाते, आणि जपून ठेवलेला दर एखाद्या झटक्याने शून्य झाला. आर्मवर वेळ शून्य मिनिटे, म्हणजे केळीला पाणीच नाही. आणि कुठेही निरोप नाही. कॉर्टेक्स-एम३ मध्ये यासाठी एक बिट आहे, ‘डिव्ह झिरो ट्रॅप’. तो सुरुवातीलाच चढवला की अशा भागाकारावर प्रोसेसर अडतो आणि ‘युसेजफॉल्ट’कडे जातो, तो फॉल्ट वेगळा चालू केलेला नसेल तर हार्डफॉल्टकडे. शेतात जाणाऱ्या प्रत्येक कंट्रोलरमध्ये हा बिट चढवलेला असावा असे माझे ठाम मत आहे. गप्प बसून चुकीचे पाणी देण्यापेक्षा चूक आहे तिथे अडलेले बरे.

पण अडल्यावर जायचे कुठे? चिप कंपनीच्या तयार स्टार्टअप फाइलमध्ये हार्डफॉल्टचा हँडलर म्हणजे बहुधा स्वतःवरच उडी मारणारी एक ओळ असते. टेबलावर डीबगर लावून काम करताना ते सोयीचे, बागेत नाही. वीज गेली की आपोआप मिटणारा २४ व्होल्टचा व्हॉल्व्ह असेल तरी कंट्रोलर त्याला वीज देतच राहील. बॅटरीवर चालणाऱ्या कंट्रोलरला तर लॅचिंग व्हॉल्व्ह असतात. त्यांना उघडायला एक झटका, मिटायला उलट दिशेचा झटका, मधे वीज लागत नाही. प्रोसेसर थिजला तेव्हा असा व्हॉल्व्ह उघडा असेल तर तो उघडाच राहतो. थिजलेल्या प्रोसेसरला जागे करणाऱ्या वॉचडॉग टायमरने प्रोसेसर रीसेट केला तरी तो उघडाच, कारण त्याला मिटण्याचा झटका कोणी दिलाच नाही.

म्हणून इथला हँडलर विचार करून लिहावा लागतो. सर्वांत आधी स्टॅकचा पत्ता नव्याने बसवायचा, कारण जुना स्टॅकच बिघडल्यामुळे इथे आलो असू. पण त्याआधी जुना पत्ता एका रजिस्टरमध्ये धरून ठेवायचा. मग मोटारीचा रिले सोडायचा. हा क्रम महत्त्वाचा आहे: मोटार चालू ठेवून सगळे व्हॉल्व्ह मिटले तर मेनलाइनवर दाब चढतो. मग व्हॉल्व्हच्या ड्रायव्हरचे सगळे आउटपुट बंद करून, त्यानंतरच मिटण्याचा झटका द्यायचा. दोन्ही दिशा एकदम चालू झाल्या तर ड्रायव्हरच जळेल. झटक्याची लांबी मोजायला टायमरच्या इंटरप्टवर विसंबायचे नाही, साधी मोजणी पुरते. यातले कुठलेच काम मुख्य प्रोग्रामची फंक्शन बोलावून करायचे नाही; ती धड आहेत की नाहीत हे हँडलरला माहीत नसते.

एवढे झाले की नोंद. फॉल्टच्या वेळी कॉर्टेक्स-एम आठ शब्द आपोआप स्टॅकवर ठेवतो: आर० ते आर३, आर१२, परतीचा पत्ता, चूक घडली तिथला पत्ता आणि स्थिती. धरून ठेवलेला जुना स्टॅकचा पत्ता खऱ्या रॅमच्या हद्दीत आहे का हे तपासून, त्यापासून २४ बाइट पुढचा शब्द वाचला की चूक कुठे झाली ते कळते. ही तपासणी टाळून चालणार नाही. हार्डफॉल्टच्या हँडलरमध्येच पुन्हा फॉल्ट झाला तर प्रोसेसर ‘लॉकअप’मध्ये जातो आणि वॉचडॉगशिवाय त्याला सहसा कोणी बाहेर काढत नाही. वाचलेला पत्ता रॅमच्या अशा तुकड्यात ठेवायचा जो सुरुवातीला पुसला जात नाही, आणि मग प्रोसेसर स्वतःहून रीसेट करायचा. व्होल्टेज बसल्यामुळेच फॉल्ट झाला असेल तर दिलेला झटका अपुरा पडलेला असू शकतो. म्हणून प्रत्येक सुरुवातीला, कारण काहीही असो, मोटार बंद आहे हे पाहून सगळ्या व्हॉल्व्हना मिटण्याचा झटका पुन्हा द्यायचा, आणि मगच वेळापत्रक वाचायचे.

चाचणी मुद्दाम चूक घडवून घ्यायची. एक गुप्त मेनू ठेवावा: एका पर्यायाने शून्याने भागाकार, दुसऱ्याने अस्तित्वात नसलेल्या पत्त्यावरचे वाचन, तिसऱ्याने स्टॅकचा पत्ता भलतीकडे. प्रत्येक वेळी व्हॉल्व्ह उघडा आणि मोटार चालू ठेवून पाहावे, क्रम बरोबर येतो का, रीसेटनंतर नोंद वाचता येते का. टेबलावर तिन्ही पार पडले की तेच पुन्हा विहिरीवर, खऱ्या स्टार्टरला जोडून, मोटार सुरू होण्याच्या क्षणी करावे. व्होल्टेज तेव्हाच सर्वांत खाली असते.